जुने दाते, नवी साखळी

दिवाळी आठ दिवसांवर आली, की मराठी घरात एक जुना वाद नव्याने उभा राहतो. माळ्यावरचे सामान खाली येते, अंगणात मांडले जाते आणि त्याच्याभोवती घरातली माणसे दोन पक्ष करून उभी राहतात. एक पक्ष म्हणतो, "वीस वर्षांत हात लावला नाही, टाकून द्या." दुसरा म्हणतो, "असू दे, खायला मागतंय का?" झाकण हरवलेला पितळी डबा, पिन नसलेला स्टोव्ह, पाय मोडलेला पाळणा, एके काळी कुणाच्या तरी हौसेने घरात आलेली ही मंडळी निमूटपणे निकालाची वाट पाहत असतात. बहुधा निकाल लागतच नाही. संध्याकाळी सामान पुसून पुन्हा माळ्यावर जाते आणि वाद पुढच्या दिवाळीपर्यंत तहकूब होतो.

या वादात मला एक गोष्ट नेहमी जाणवत आली आहे. टाकणारे आणि ठेवणारे एका बाबतीत अगदी सारखे असतात: ती वस्तू पुन्हा वापरावी असे दोघांपैकी कुणाच्याच मनात नसते. एकाला ती नको असते. दुसऱ्याला ती नुसती असायला हवी असते. जुन्याशी वागण्याची आणखीही एक रीत आहे. त्यातले झिजलेले तेवढे काढावे, तिथे नवे बसवावे आणि वस्तू पुन्हा कामाला लावावी. ही रीत सर्वांत अवघड. इथे 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागत नाही. काय काढायचे, काय ठेवायचे आणि ते कुणाला विचारून, हे सारे ठरवावे लागते. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून हा प्रश्न सोडवण्याइतका मी शिकलेला नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. मुलांना शिकवताना आणि कादंबऱ्या लिहिताना जे थोडेबहुत कळले, तेवढीच माझी शिदोरी. पण यंदा आमच्या घरातल्या एका सायकलीने हा प्रश्न असा काही समोर आणून ठेवला, की त्याला बगल देण्याची सोय राहिली नाही.

सायकल माझ्या आजोबांची. त्यांना सारे तात्या म्हणत. १९४९ साली त्यांनी ती घेतली. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची रॅले. काळी, उंच, लोखंडी सळ्यांचे ब्रेक असलेली. रत्नागिरीत सायकल घेणे हे हौसेपेक्षा धाडसाचेच काम. हे काही पुण्यासारखे सपाट गाव नव्हे. खाली बंदर, वर सडा आणि मधे चढच चढ. गोखले नाक्यावरून निघालेला सायकलवाला माळनाका मागे टाकून मारुती मंदिरापाशी पोचतो, तेव्हा मारुतीचे नाव त्याच्या तोंडी वाटेतच येऊन गेलेले असते. त्यात जांभ्याची तांबडी धूळ. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. आणि उरलेले आठ महिने समुद्राची खारी हवा. लोखंडाला याहून कडक सासर मिळायचे नाही. तरीही तात्यांनी ती बावीस वर्षे चालवली आणि त्यांच्यामागे माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आणखी पंचवीस वर्षे. मग घरात स्कूटर आली, आणि सायकल पडवीच्या भिंतीला टेकली ती टेकलीच.

यंदा माझ्या मुलीने ती मागितली. ती नववीत आहे. आमच्या घराण्याची उंची तिला पुरेपूर मिळाली आहे. शाळा वरच्या बाजूला, रिक्षाचा रोजचा खर्च आणि रोजची वाट पाहणे, याला ती कंटाळली होती. अण्णांना तिने विचारले, तेव्हा पंचाहत्तरीतल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. "घेऊन जा," ते मला म्हणाले. "तेलपाणी करून आण. तात्यांची सायकल पुन्हा रस्त्यावर दिसू दे."

आमच्या बाजूला सायकलीचे काम मनापासून करणारे एकच दुकान आता उरले आहे. त्याच्या मालकांना लहानथोर सारे चाचा म्हणतात. चाचांनी सायकल उलटी उभी केली, पायडल फिरवले, पुढच्या चक्रावरची साखळी दोन बोटांत धरून ओढून पाहिली आणि मला म्हणाले, "गुरुजी, फूटपट्टी आहे का पिशवीत?" मास्तराच्या पिशवीत फूटपट्टी नसेल तर काय असणार? मी दिली.

सायकलच्या साखळीत एका खिळ्याच्या मध्यापासून पुढच्या खिळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच असते. चोवीस दुव्यांचे बारा इंच. म्हणजे नेमकी एक फूटपट्टी. चाचांनी साखळी ताणून पट्टी लावली. चोविसाव्या दुव्याचा खिळा बारा इंचांच्या रेघेवर यायला हवा होता. तो एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे गेला होता. साखळी लांबते ती पोलाद ताणले जाते म्हणून, अशी आपली समजूत असते. खरे म्हणजे पोलाद जसेच्या तसे असते. प्रत्येक दुव्याच्या पोटात एक खिळा एका नळीत फिरतो. फिरता फिरता खिळाही झिजतो आणि नळीही. केसाएवढी ती झीज एका दुव्यात डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण शंभराच्या आसपास दुव्यांची झीज एकत्र आली, की साखळी चांगली अर्ध्या इंचाने लांब होते.

"अर्धा सूत असता तर निस्ती चेन बदलून भागलं असतं," चाचा म्हणाले. "आता फ्रीव्हील बदलायला हवा आणि पुढचा चेनव्हीलपण."

"का? दाते तर शाबूत दिसतात."

"नीट बघा. मासळीच्या काट्यागत वाकलेत. जुनी चेन त्याच्यावर चालेल, कारण दोघांनी एकमेकांला घासून घेतलंय. नवी चेन चालणार नाय. सपाटीवर कळणार नाय तुम्हाला. चढावर जोर लावलात की उडी मारणार. पोरगी तोंडावर पडेल."

मी वाकून पाहिले. खरेच, दात्यांच्या एका अंगाला खोबणी पडल्या होत्या. साखळी जसजशी लांबत गेली, तसतशी ती दात्यांवर जरा जरा वर चढून बसू लागली आणि दात्यांनी आपला आकार तिच्याजोगा करून घेतला. आता तिथे मापाने अगदी बिनचूक अशी नवी साखळी घातली, तर तीच चुकीची ठरणार. दोष नव्या साखळीचा नाही, कारण तिचा अर्धा इंच अर्धा इंचच आहे. दोष दात्यांचाही नाही. ते बिचारे ज्या साखळीबरोबर जन्म गेला तिला धरून राहिले. मला एकदम पुष्कळ घरे आठवली. एका नव्या माणसाला घरात आणायचे, बाकी सारे होते तसेच ठेवायचे, आणि चढाच्या जागी खटका उडाला की म्हणायचे, नवे माणूस जुळवून घेत नाही!

पण आमची खरी अडचण दात्यांची नव्हती, बगळ्यांची होती. रॅलेच्या त्या पुढच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची तोंडे कोरलेली असतात. ती त्या कंपनीची खूण. लहानपणी अण्णा तात्यांच्या मागे कॅरिअरवर बसत, तेव्हा खाली वाकून ते फिरणारे बगळे पाहत. मीही अण्णांच्या मागे बसून तेच केले आहे. चाकाला वेग आला की बगळे दिसेनासे होत, चढ आला की एकेक करून पुन्हा दिसू लागत. नवे चेनव्हील लुधियान्याचे, साधे, बिनबगळ्यांचे.

घरी येऊन मी अण्णांना चाचांचे म्हणणे सांगितले. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कौलं परततात तसं ते चक्र परतून लावता येणार नाही? दुसरी बाजू न झिजलेली असेल." प्रश्न बिनतोड होता, काही सायकलींवर तसे करताही येते. पण आमचे चेनव्हील क्रँकवर पक्के ठोकलेले. ते सुटे होत नव्हते. हे मी सांगितले. अण्णा म्हणाले, "म्हणजे साखळी नवी, पुढचं चक्र नवं, मागचं नवं, पायडल नवी. टायर तर कितीदा बदलले त्याची गणतीच नाही. मग तात्यांची सायकल राहिली कुठे?"

हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या लोकांनी विचारला आहे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला, ग्रीक ज्याला मिनँडर म्हणत त्याला, त्याच्या रथाबद्दल हेच विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा दरवेळी 'नाही' म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की या साऱ्यांच्या मेळाला आपण व्यवहारापुरते 'रथ' हे नाव दिले आहे. प्लुटार्कने थीसियसच्या गलबताची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते गलबत जतन केले. कुजलेली फळी काढून नवी घालत राहिले. आणि तत्त्वज्ञांमध्ये वाद लागला, की हे गलबत तेच की दुसरे? पुढे सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याने त्यात पाचर मारली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्यांचे दुसरे गलबत बांधले, तर मग थीसियसचे गलबत कोणते?

कादंबरी लिहिणाऱ्याला हा पेच ओळखीचा असतो. तिसऱ्या खर्ड्यात पहिल्या खर्ड्यातले एक वाक्यही धड उरलेले नसते; तरी ती तीच कादंबरी, असे तो छातीवर हात ठेवून सांगतो. मिरकरवाड्याच्या बंदरातल्या माणसाला विचारा. होडीची फळी बदलली म्हणून होडी बदलली, असे तो म्हणणार नाही. नाव तेच, मालक तोच, आणि पाणी आत येत नाही. त्याला एवढे पुरे.

पण अण्णांना यातले कुठलेच उत्तर देऊन चालणार नव्हते, हे माझ्या ध्यानात आले. त्यांचा प्रश्न वरवर नागसेनाचा दिसत होता. आतून तो निराळा होता. 'ही तीच सायकल का?' असे ते विचारत नव्हते. 'माझ्या बापाच्या पायाने जे झिजले आहे, ते काढून टाकण्याचा मला हक्क आहे का?' असे ते विचारत होते. पहिल्या प्रश्नाला हुशारीने उत्तर देता येते. दुसऱ्याला नाही.

कारण त्या झिजेला अर्थ होता. तात्यांचा फोटो आमच्याकडे एकच आहे, तोही लग्नातला, ओळखू न येणारा. त्यांच्या हातचे चार कागद वाळवीने खाल्ले. या माणसाने रत्नागिरीच्या चढांवर जे कष्ट काढले, त्यांची नोंद म्हणाल तर त्या दात्यांवर होती. शाई नव्हे, पण अक्षर त्यांचेच. नवा भाग बसवला की काहीच गमावले जात नाही असे म्हणणारा मनुष्य मला खोटा वाटतो. गमावले जाते. आणि जे गमावले जाते त्याची किंमत नव्या भागाच्या किमतीत कधीच धरलेली नसते.

मग ते दाते जपावेत का? जपावेत, असेही एक प्रामाणिक उत्तर आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. तिथे जुन्या भागाचे मोल जुना म्हणूनच आहे, आणि तसे असणेच योग्य. तिथली सायकल साक्षीदार असते. ती काय होती ते तिने सांगायचे, कुणाला कुठे पोचवायचे नाही. साक्षीदाराच्या साक्षीत फेरफार करणे हा अपराधच. पण आम्हाला साक्षीदार हवा होता की सोबती, हे आधी ठरवायला हवे होते. एकाच वस्तूकडून दोन्ही कामे मागणे हा अन्याय आहे. एका चौदा वर्षांच्या मुलीला त्या दात्यांवर भरवसा ठेवून चढ चढायचा होता. तात्यांचे अक्षर जपण्यासाठी त्यांच्या पणतीला रस्त्यावर पाडणे, ही कसली पितृभक्ती?

हे मी अण्णांना जितक्या हळुवारपणे सांगता येईल तितक्या हळुवारपणे सांगितले. वाद होईल अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "तुला एक ठाऊक नाही. ती साखळीसुद्धा तात्यांनीच घातलेली. त्यांच्या शेवटच्या वर्षी. मला दुकानदारांनी दोनदा सांगितलं होतं, बदला म्हणून. मी बदलली नाही. तात्यांच्या हातची म्हणून तशीच ठेवली." थोडे थांबून ते म्हणाले, "साखळी राखायला गेलो आणि बगळे घालवले, असं झालं म्हणायचं."

या एका वाक्यात माझ्या साऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. तिघांत साखळी सर्वांत स्वस्त. ती मुळात झिजण्यासाठीच असते. अर्ध्या सुताला ती बदलली असती तर दातेही वाचले असते आणि बगळेही. ती बदलली नाही, याचे कारण आळस नव्हे, पैसाही नव्हे, प्रेम. आपल्याला नेहमी सांगितले जाते, की जुने नष्ट होते ते लोकांच्या बेपर्वाईने. ते खरेच आहे. पण पुष्कळ जुने प्रेमानेही नष्ट होते: ज्या प्रेमाला काहीच बदलवत नाही, त्या प्रेमाने. कोकणातला मनुष्य हे घराच्या बाबतीत बरोबर ओळखतो. पावसाआधी तो कौले परततो, फुटकी काढतो, नवी घालतो. आजोबांनी चढवलेले कौल म्हणून फुटके कौल कुणी ठेवत नाही. ठेवले तर त्याच पावसाळ्यात आजोबांचे वासे कुजतील, हे त्याला ठाऊक असते. कौले बदलतात म्हणून घर राहते.

तर मग बदलायचे काय आणि राखायचे काय? सायकल याचे सरळ उत्तर देते. जिथे जोर लागतो आणि घासते, ते बदलायचे. ज्याच्यामुळे आकार टिकतो, ते राखायचे. साखळी, दाते, छर्रे, ब्रेकचे रबर ही घासणारी मंडळी. चौकट ही राखण्याची. पण चौकटीचे मोठेपण हे, की तिने घासणाऱ्यांना बदलू दिले पाहिजे.

चाचांनी काम करताना मला एक गमतीची गोष्ट दाखवली. पायडलचा आस ज्या दोन वाट्यांत फिरतो, त्या वाट्यांवर आटे असतात. बाकीच्या इंग्रजी धाटणीच्या सायकलींना इंचाला चोवीस आटे. रॅलेने मात्र आपल्यापुरते सव्वीस ठेवले. इतर कुणाची वाटी त्यात बसू नये, अशी ही व्यवस्था. आता नॉटिंगहॅमच्या त्या कारखान्यातले सायकली बनवणे या शतकाच्या सुरुवातीलाच थांबले. आमच्या वाट्या नशिबाने धड होत्या. चाचांनी नुसते छर्रे बदलले, दोन्हीकडे अकरा अकरा. त्या फुटल्या असत्या तर सायकलीचा वंशच बुडाला असता. उलट अर्ध्या इंचाच्या साखळीची गोष्ट पाहा. हान्स रेनॉल्ड नावाच्या मूळच्या स्विस माणसाने १८८० साली मँचेस्टरमध्ये नळी आणि रूळ असलेली साखळी काढली. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याच्या 'रोव्हर' सायकलीने मागच्या चाकाला साखळीने ओढण्याची रीत रूढ केली. पुढे अर्धा इंच हे माप साऱ्यांनी मानले. आज बारा गिअरच्या महागड्या सायकलीची साखळी रुंदीला पुष्कळ बारीक झाली आहे, पण तिचाही दुवा अर्धाच इंच! म्हणून तर १९४९ सालच्या नॉटिंगहॅमच्या सायकलीला आज लुधियान्याची साखळी चालते. हे माप म्हणजे एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी पाळलेला शब्द आहे. जे 'आमचेच' म्हणून ठेवले ते अडले. जे सर्वांचे म्हणून ठेवले ते टिकले.

आणि हे फक्त सायकलीचेच आहे का? आमच्या रत्नागिरीत पतितपावन मंदिर आहे. १९३१ साली ते उभे राहिले; भागोजीशेठ कीरांनी त्यासाठी पैसा दिला आणि तेव्हा इथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी त्यामागची चळवळ चालवली. सर्व जातींच्या हिंदूंना तिथे प्रवेश, हा त्याचा विशेष. देव नवा नव्हता, पूजा नवी नव्हती, घंटा नवी नव्हती. बदलला तो दारावरचा नियम. आणि तो नियमच तर माणसांना घासत होता. विरोध झाला. विरोध करणारे सारे दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. वाडवडिलांच्या हातचे म्हणून जुनी साखळी राखणारे त्यांतही असतील. पण चौकटीवर ज्याचे खरे प्रेम आहे, त्याने घासणारा भाग वेळेवर काढलाच पाहिजे; नाहीतर चौकटसुद्धा लोकांच्या मनातून उतरते. माझ्या मते धर्माला, घराला आणि शाळेलाही हे लागू आहे. मी शाळेत पाहतो: शिकवण्याच्या एखाद्या झिजलेल्या रीतीला चिकटून बसलेला मास्तर शेवटी आपला विषयच मुलांच्या मनातून घालवतो.

याचे उलट टोकही आहे, आणि आजकाल तेच अधिक दिसते. सायकल एवढी खर्चिक दुरुस्त कशाला करता, नवी घ्या. हा सल्ला मला त्या आठवड्यात चौघांनी दिला. हिशेबाने तो चूक नव्हता. पण ज्याला 'झिजले' आणि 'जुने झाले' यांतला फरक कळत नाही, त्याच्या हातात काहीच टिकत नाही. वस्तू नाही, आणि मला भीती वाटते, माणसेही नाहीत. झीज मोजता येते; तिला फूटपट्टी आहे. जुनेपणा मोजण्याला फूटपट्टी नाही, तो नुसता डोळ्यांना येणारा कंटाळा. कंटाळ्याने बदलणारा मनुष्य चौकट टाकतो, आणि मायेने न बदलणारा साखळी धरून बसतो. दोघांनीही पट्टी लावलेली नसते.

काम सांगायला चाचांकडे अण्णा स्वतः आले. पूर्वी आमच्या सायकलीला पुढे ४८ दाते होते आणि मागे १८. चाचांनी विचारले, तेवढेच ठेवू का? अण्णांनी थोडा हिशेब केला आणि म्हणाले, "नको. ते तात्यांच्या मांड्यांचं गणित होतं. पोरीला चढ आहे. पुढे ४४ घाला, मागे २२." म्हणजे पूर्वी पायडलच्या एका फेऱ्याला मागचे चाक अडीचहून अधिक फेरे घेई, आता बरोबर दोन घेणार. सपाटीला वेग थोडा कमी, पण चढाला पाय हलके. मी ऐकत राहिलो. दोन दिवसांपूर्वी एक दाता काढायला तयार नसलेला हा मनुष्य आता तात्यांचे प्रमाणसुद्धा बदलायला निघाला होता. आणि तात्यांना तो त्या क्षणी जितका जवळ होता तितका बगळे राखून झाला नसता. तात्यांनी तरी ती सायकल कशासाठी घेतली होती? चढ चढता यावा म्हणूनच ना?

चाचांनी कॉटर पिन कानशीने घासून घासून बसवली, साखळीला तेल दिले, आणि जुने चेनव्हील रॉकेलने धुऊन, कागदात गुंडाळून अण्णांच्या हातात ठेवले. भंगारात टाकू का, असे त्यांनी विचारलेसुद्धा नाही. ते चेनव्हील आता पडवीत खिळ्याला टांगले आहे. त्याचे काम आता साक्ष देण्याचे. कुणी विचारले तर अण्णा ते खाली काढतात आणि कुठल्या दात्यावर जास्त झीज आहे ते बोटाने दाखवतात.

मुलगी सायकल घेऊन शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी ती माळनाक्याच्या चढावर एकदाही उतरली नाही, हे तिने आल्या आल्या आजोबांना सांगितले. अण्णांनी शाबासकी दिली आणि तिच्या दप्तरातली फूटपट्टी मागून घेतली. सायकलपाशी बसून, साखळी ताणून, पट्टी कशी लावायची ते तिला शिकवले: खिळ्याच्या मध्यापासून खिळ्याच्या मध्यापर्यंत, चोवीस दुवे, बारा इंच.

"दर सहा महिन्यांनी बघत जा," ते तिला म्हणाले. "आणि अर्धा सूत पुढे गेली की बदल. मी घालून दिलेली आहे म्हणून ठेवू नकोस."